‘जंगलाच्या कडेला सोडा, जगते तो’ आणि अशाच काही समजुती

मूल गावाहून आलेला माणूस पत्र्याच्या शेडबाहेर उभा होता. त्याचा रस्त्याला लागून पानठेला, मागे घर. ठेल्याचा गल्ला दोनदा फुटला होता, म्हणून त्याला कुत्रा हवा होता. ‘‘तेज पाह्यजे जी ताई. चोर आला तं दणाणून भुंकला पाह्यजे.’’

चंद्रपूरजवळच्या एका निवाऱ्यात मी रविवारी जाते. गोचिडं काढायची, भाताचा मोठा गंज चुलीवरून उतरवायचा आणि कुत्रं न्यायला आलेल्यांशी बोलायचं, अशी तीन कामं. पहिली दोन सोपी आहेत. तिसऱ्या कामातला अर्धा वेळ समजुती खोडण्यात जातो.

त्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात चांद्या बसला होता. काळा, चारेक वर्षांचा, कपाळावर पांढरा ठिपका. अशा ठिपक्याच्या बैलाला शेतकरी चांद्या म्हणतात, म्हणून तेच नाव पडलं. शिवाय आमच्या जिल्ह्याचंही जुनं नाव चांदाच. मालकाची बदली झाली, क्वार्टर रिकामं झालं आणि मागच्या सांदवाडीत हा बांधलेलाच राहिला. शेजाऱ्यांना चौथ्या दिवशी कळलं. कोळसा, वीज, सिमेंट, कागद यांवर चालणारा हा जिल्हा आहे. इथं जूनमध्ये बदल्यांचे ट्रक भरले जातात आणि त्याच महिन्यात निवाऱ्यात पट्टा घातलेली कुत्री येऊ लागतात.

‘इथं आला ना, मग झालं त्याचं’

निवारा म्हणजे घर, ही देणगी देणाऱ्यांचीही आवडती समजूत. तिथं जेवण मिळतं, औषध मिळतं हे खरं. पण तीस-चाळीस कुत्र्यांमागे दोन माणसं असली की एकेका कुत्र्याच्या वाट्याला दिवसाकाठी माणूस येतो तो काही मिनिटं. आवाज थांबत नाही. एखाद्या पिल्लाला पार्व्हो झाला की लस न घेतलेली शेजारची पिल्लं धोक्यात येतात. निवारा हा दवाखान्याच्या वॉर्डासारखा आहे. बरं होऊन बाहेर पडायची ती जागा.

भटक्या कुत्र्यांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनी या समजुतीला आणखी खतपाणी घातलं. ‘कोर्टानं सगळे कुत्रे आत टाकायला सांगितले’ असं आजही ऐकू येतं. ११ ऑगस्ट २०२५चा तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता होता, आणि २२ ऑगस्टला न्यायालयानंच तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तत्त्व हेच आहे. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवायला आणि तिथं परत न सोडायला सांगितलं. म्हणजे निवाऱ्यांवरचा भार वाढणार. २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येतो, आणि एकदा घेतलं की ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

‘जंगलाच्या कडेला सोडा, जगते तो’

ही खास आमच्याकडची. मुंबई-पुण्यात कुत्रं नको झालं तर हायवेवर सोडतात. इथं ताडोब्याच्या जंगलाकडं जाणाऱ्या मोहर्लीच्या, पद्मापूरच्या रस्त्याला नेऊन सोडतात. सोडणाऱ्याला वाटतं, आपण त्याला मोकळं केलं. शिकार करेल, खाईल. काही दिवसांनी रानकुत्राच होईल!

रानकुत्रा, म्हणजे कोळसुन, हा कुत्र्याचा रानटी भाऊ नव्हे. त्याची प्रजातीच काय, वंशही वेगळा. दोघांचा संकर होत नाही. ताडोब्यात कोळसुनांचे कळप चितळ-सांबर मारतात ते पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या सामूहिक शिकारीनं. पाच वर्षं पोळी खाल्लेलं कुत्रं एकटं तिथं भूक भागवू शकत नाही. ते परत गावाकडं येतं, उकिरड्यावर राहतं, आणि बिबट्याच्या वाटेत येतं.

बिबट्याला कुत्रं किती आवडतं, हे आपल्याच राज्यात मोजलं गेलंय. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव आणि गावात वावरणाऱ्या जनावरांचं निघालं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. तो उसाचा मुलूख, आपला सागाचा. पण चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. कुत्र्याच्या मागावर बिबट्या वस्तीत येतो आणि मग माणूसही त्याच्या समोर येतो.

उलट बाजूनं धोका जंगलाला आहे. लस नसलेल्या कुत्र्याकडून डिस्टेंपरचा विषाणू वन्यप्राण्यांत जाऊ शकतो. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांच्यातल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. वाघ आणि कोळसुन जिथं एकत्र राहतात, तिथं आजारी कुत्रं सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही बोलू. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं तडफडेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं, हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड १० ते ५० रुपये. आकडा जुन्या काळातला आहे, म्हणून हसू येतं. गुन्हा मात्र गुन्हाच.

‘मग हेमलकशाला नेऊन देऊ?’ असं एकानं मला खरंच विचारलं होतं. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या आदिवासींकडून डॉ. प्रकाश आमट्यांनी माकडाचं एक पिल्लू मागून घेतलं, आणि त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. पण ते वन्यप्राण्यांसाठी. आई मेलेलं अस्वलाचं पिल्लू माणसाच्या हातावर वाढलं की त्याला रान परकं होतं, म्हणून त्याला तिथं जागा द्यावी लागते. कुत्र्याचं नेमकं उलटं आहे. त्याचं रान म्हणजे आपलं अंगण. एटापल्ली-भामरागडकडच्या माडिया घरांत बघा, कुत्र्याला साखळी नाही, पट्टा नाही, तरी ते बेवारस नाही. पहाटे मोह वेचायला बाया निघाल्या की ते पुढं असतं.

म्हणून निवाऱ्यातून कुत्रं देताना आम्ही पगार विचारत नाही. रात्री ते कुठं झोपणार, हे विचारतो. जंगलालगतच्या गावात अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. बांधलेल्याला पळताही येत नाही. सकाळी साखळी असते, तिला पट्टा असतो, कुत्रं नसतं. रात्री दाराच्या आत घेणार असाल तरच न्या.

‘अंगावर खरूज आहे, लेकरांना लागेल’

उपेक्षित कुत्र्याला घर न मिळण्याचं एक मोठं कारण त्याची कातडी. केस गेलेले, वास येतोय, कान खरबडले आहेत. लोक तोंड फिरवतात. आणि सहा-आठ आठवड्यांच्या उपचारानंतर तेच कुत्रं ओळखू येत नाही. खरजेचे दोन मुख्य प्रकार. एकात कातडीत घुसणारा किडा असतो. तो माणसालाही तात्पुरती खाज आणतो, पण माणसावर त्याची वंशवेल वाढत नाही. दुसऱ्यातला किडा माणसाला होतच नाही. दोन्हींवर औषधं आहेत आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती माहीत असतात.

जे लावू नये ते म्हणजे गाडीचं जळकं ऑईल. गावोगाव हा इलाज चालतो. कुत्रं अंग चाटतं, ऑईल पोटात जातं, कातडीतूनही मुरतं. खरजेनं मरत नाही ते यानं मरू शकतं.

रेबीजची भीती मात्र वाया घालवायची नाही, नीट जागी वापरायची. लक्षणं दिसल्यावर हा आजार जवळजवळ हमखास मारतो, आणि माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्यापासूनच होतो. पण निवाऱ्यातून लसीचं कार्ड घेऊन आलेलं कुत्रं, दरवर्षी डोस दिला तर, गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यापेक्षा सुरक्षित असतं. चावा असो की ओरखडा, आधी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही. मग दवाखाना. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे आजोबांच्या काळातलं. ती जुनी लस भारतात बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडावर देतात. कातडीतली लस असेल तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी.

‘मादी नको, गावठी नको, काळा नको’

मादी नको, कारण पिल्लं होतील. नसबंदी केलेल्या मादीला होत नाहीत. बहुतेक निवारे ती करूनच देतात. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही त्यानं टळतो. नसबंदी केलेला कुत्रा राखण करत नाही, हेही खोटं. भुंकणं स्वभावातून आणि आपल्या जागेच्या जाणिवेतून येतं.

गावठी नको म्हणणाऱ्यांना मी मे महिन्यात चंद्रपुरात हस्की फिरवायला सांगते. पारा पंचेचाळिशीच्या वर, आणि कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. सायबेरियातल्या केसांचं ओझं घेऊन ते एसीखाली लोळतं, नाहीतर आजारी पडतं. गावठी कुत्र्याची आखूड लव, सडपातळ अंग आणि उभे कान याच उन्हात घडलेत.

काळ्याची गंमत वेगळी. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालायला चारचाकी थांबतात. कालभैरवाचं वाहन म्हणून हात जोडतात. घरी न्यायचा म्हटलं की, ‘ब्राऊनमध्ये नाही का एखादा?’

‘मटण परवडत नाही’

कुत्रं लांडग्याचं वंशज, म्हणून त्याला मांसच लागतं असं वाटतं. २०१३मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास आला. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती सापडल्या, कुत्र्यांत ४ ते ३०. माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रं आतूनही बदललंय. धानाच्या मुलखात ही बातमी चांगलीच. भात, त्यात अंडं किंवा कोंबडीचे स्वस्तातले तुकडे, थोडा भोपळा. नुसत्या भातावर मात्र ठेवू नका. आणि घरचा रस्सा ओतू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तिखट न घालता कांदा घातला तरी चालत नाही, हे पन्नास वेळा सांगावं लागतं.

‘मोठा झालेला लळा लावत नाही’

मूलच्या माणसानं शेवटी पिल्लं सोडून चांद्याच निवडला, आणि निवडण्याचं कारण फक्त आकार. मी त्याला सांगितलं, पहिले तीन दिवस हा खाईल न खाईल. तीनेक आठवड्यांत घरची वेळ ओळखेल. आपलं घर वाटायला तीन महिने लागतील. हा तीन-तीन-तीनचा हिशेब प्रयोगशाळेतला नाही, कुत्री सांभाळणाऱ्यांच्या अनुभवाचा आहे, आणि बरेचदा जमतो. मोठ्या कुत्र्याचा फायदा असा की स्वभाव, उंची, भूक सगळं समोर असतं. पिल्लू घेणं म्हणजे लॉटरी. शिवाय चार वर्षांचं कुत्रं बैस, थांब, चल हे सगळं शिकतं.

पाचव्या दिवशी फोन. ‘‘ताई, हा दिवाणाखालून निघतच नाई जी.’’ म्हटलं, ओढू नका. पाण्याची वाटी तिथंच सरकवा.

दुसऱ्या आठवड्यात फोन. दिवाणाखालून निघाला होता, ठेल्यामागे पोत्यावर झोपत होता. ‘‘पण भुंकतच नाई ना. मुका तं नाई दिला?’’ निवाऱ्यात एवढा कालवा असतो की काही कुत्री गप्पच होऊन जातात. भुंकायला आधी राखण्याजोगं काही आपलं वाटावं लागतं. हे मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नसावा. पण परत आणून देतो असंही तो म्हणाला नाही.

मग पाऊस सुरू झाला. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडच्या घरी दिलेल्या कुत्र्यांची खबर महिनाभर मिळत नाही, त्या काळजीत मूलच्या माणसाला मी विसरूनच गेले होते. तिसऱ्या महिन्यात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. मी घाबरूनच उचलला.

‘‘आयका जी ताई,’’ तो म्हणाला आणि त्यानं फोन दाराबाहेर धरला. पावसाच्या आवाजातूनही खणखणीत भुंकणं ऐकू येत होतं.

‘‘चोर आहे का?’’

‘‘नाई जी. माझा साळा हाय. लग्नाहून आला, आत घेऊनच नाई राह्यला त्याले.’’