सातबारा उताऱ्यातील दृश्यभेद व वाचकाचे मन

दस्तऐवजाचा अर्थ केवळ शब्दांनी सिद्ध होत नाही. अक्षरांचा ठळकपणा, रेषा, कंस व मोकळी जागा ह्यांमुळे पृष्ठावर जो दृश्यभेद निर्माण होतो, तोही अर्थाचा वाहक असतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ह्या भीमाकाठच्या तालुक्यांत शेतकऱ्यांच्या घरोघरी जपला जाणारा सातबारा उतारा हे ह्याचे बोलके उदाहरण होय.

उताऱ्यातील गाव नमुना सातमध्ये भूधारकांची नावे, क्षेत्र व ‘इतर हक्क’ दिलेले असतात. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा ह्याच ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो. कर्ज फिटले अथवा खातेदार मृत झाला, तरी जुनी नोंद नाहीशी करीत नाहीत. पूर्वी तिला केवळ कंस करीत असत. सामान्य मराठी लेखनात कंस पूरक माहिती देतो. उताऱ्यात मात्र तोच कंस ‘नोंद रद्द’ असा निषेध सुचवितो. हा संकेत ज्यास ठाऊक नाही, त्यास फिटलेले कर्जही उभे असल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. २०२० मध्ये ठरलेल्या नव्या नमुन्यात अशा नोंदींवर कंसासह आडवी रेषा, तसेच दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा योजण्यात आली. देवनागरीत शिरोरेखा आधीच आडवी असल्याने एकट्या खोडरेषेचा भेद काहीसा मंदावतो. म्हणून कंस व रेषा ह्यांची जोड उपयुक्त ठरते.

स्मृतीच्या दृष्टीने पाहता, सजातीय घटकांत वेगळा उठून दिसणारा घटक अधिक लक्षात राहतो, हे जर्मन संशोधिका हेडविग फॉन रेस्टॉर्फ ह्यांनी १९३३ मध्ये दाखविले. ह्यातच एक मर्यादा अनुस्यूत आहे: सर्वच मजकूर ठळक केला, तर काहीच वेगळे उरत नाही.

भावनेची बाजू अधिक नाजूक आहे. पार्श्वभूमीवर स्पष्ट उठणाऱ्या रंगातील विधाने वाचकांस अधिक खरी वाटतात, असे रेबर व श्वार्झ ह्यांना १९९९ मध्ये आढळले. सुवाच्यता विश्वास उत्पन्न करते. परंतु सुवाच्यता म्हणजे सत्यता नव्हे. उलटपक्षी, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी जमीन राखून ठेवल्याचा शेरा इतर नोंदींसारख्याच साध्या अक्षरांत असला, तरी शेतकरी त्यास ‘शिक्का’ म्हणतात. हस्तांतरणावर बंधन आणणारी ती ओळ मनावर शिक्क्यासारखीच उमटते. पृष्ठाने न केलेला भेद येथे भय करते.

तात्पर्य, दृश्यभेद हा अलंकार नसून दस्तऐवजाच्या व्याकरणाचा भाग आहे. तो मोजका असावा, त्याचा संकेत उताऱ्यावरच स्पष्ट केलेला असावा. वाचकानेही केवळ रेषेवर विसंबून न राहता नोंदीशेजारचा फेरफार क्रमांक पडताळावा. कारण रेषा लक्ष वेधते, हक्काचा आधार मात्र फेरफारातच सापडतो.