माहीत असलेला पत्ता विचारताना

पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी अर्ज करणारा माणूस संकेतस्थळाचा पत्ता सहसा अक्षरशः लिहीत नाही. शोधपेटीत तो 'पासपोर्ट' एवढाच शब्द टाकतो आणि जे पहिले नाव समोर येईल त्यावर बोट ठेवतो. वीजबिल, बँक, रेल्वेचे तिकीट, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्वत्र हीच रीत. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी २००२ साली अशा शोधांची तीन प्रकारांत वर्गवारी केली होती: माहिती मिळवण्यासाठी केलेला शोध, एखादा व्यवहार उरकण्यासाठी केलेला शोध आणि ठरावीक संकेतस्थळी पोहोचण्यासाठी केलेला शोध. यांतला तिसरा प्रकार वरवर पाहता सर्वांत निरुपद्रवी. कुठे जायचे हे ठाऊकच असते, केवळ वाट विचारायची असते. फसवणारे मात्र नेमके याच वाटेवर दबा धरून बसतात.

शोधयंत्र प्रश्न विचारल्यानंतर जगभरची संकेतस्थळे चाळायला निघत नाही. त्याचे स्वयंचलित प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात असंख्य पाने आधीच वाचून ठेवतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची तयार करतात. ग्रंथाच्या अखेरीस असते तशीच ही शब्दसूची, फक्त अवाढव्य. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांचे वेगळेपण सूचीत नव्हते, क्रम लावण्याच्या पद्धतीत होते. ज्या पानाकडे इतर पाने दुव्यांनी निर्देश करतात, त्याचे वजन अधिक; आणि निर्देश करणारे पान स्वतः वजनदार असेल तर आणखी अधिक. आज क्रम ठरवताना शोधणाऱ्याचे ठिकाण, पानाचा ताजेपणा अशा कितीतरी गोष्टी विचारात घेतल्या जातात. तरीही वरचा क्रमांक म्हणजे अधिकृततेचा दाखला नव्हे.

सूची शब्दांची असल्यामुळे गोमंतकीय वाचकाची एक खास अडचण होते. आपण बोलताना डिचोली, पेडणे, केपे, काणकोण म्हणतो. सरकारी दप्तरात रोमी लिपीत मात्र पोर्तुगीज अमदानीतून आलेली 'बिचोलीम', 'पेर्नेम', 'केपेम', 'कानाकोना' ही रूपे रूढ आहेत. तालुक्यांची ही जोडनावे यंत्राला आता बऱ्याच अंशी उमगतात. गावांची आणि वाड्यांची तितकी उमगत नाहीत. 'वाडा' हा एकच शब्द रोमीत तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. एक-चौदाचा उतारा ऑनलाईन पाहताना तालुका आणि गाव निवडून सर्वे क्रमांक व उपविभाग द्यावा लागतो. त्यामुळे जुन्या उताऱ्यावर गावाचे रोमी नाव कसे लिहिले आहे, हे आधी पाहून ठेवलेले बरे. मराठीतील जुन्या मजकुराची अडचण निराळी. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटमध्ये मजकूर देत. डोळ्यांना तो देवनागरी दिसे, यंत्राला मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग वाटे. त्या काळातील कितीतरी लिखाण मराठी शब्द टाकून आजही सापडत नाही, ते याच कारणाने.

निकालांच्या माथ्यावर अनेकदा पैसे मोजून मिळवलेल्या जागा असतात. त्यांवर 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' असा शब्द असतो, पण बारीक अक्षरांत. घाईत तो नजरेतून निसटतो. पासपोर्टच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवून अर्जदारांकडून माहिती आणि जादा शुल्क उकळले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला आहे. रंग तेच, अशोकस्तंभाचे चित्रही तेच. फरक कळतो तो पत्त्यात, आणि पत्ता वाचावा लागतो शेवटाकडून. पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ते स्थळ सरकारी, कारण ही अक्षरे केवळ शासकीय यंत्रणांनाच मिळतात. पासपोर्टचे अधिकृत स्थळ 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन' हे आहे. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' किंवा नुसते 'डॉट इन' कोणालाही थोडक्या पैशांत विकत घेता येते. 'गव्ह' हा शब्द पत्त्याच्या मध्यभागी घुसवून शेवटी 'डॉट कॉम' ठेवणे ही जुनी युक्ती आहे. पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबून चालत नाही. देवाणघेवाण मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते; पलीकडे चोर बसला आहे की साव, हे नव्हे.

खरा पत्ता एकदा सापडला की तो 'बुकमार्क' करून ठेवता येतो, म्हणजे पुन्हा शोधण्याचे कामच उरत नाही. सरकारी पानांपुरताच शोध घ्यायचा असेल, तर शब्दांपुढे रोमी लिपीत 'साइट', मग दोन टिंबे आणि त्याला चिकटून 'गव्ह डॉट इन' असे लिहावे. खासगी पाने आपोआप गळून पडतात.

दूरध्वनी क्रमांकांच्या बाबतीत मात्र अशी कोणतीच खूण नसते. ऑनलाईन नकाशावरील दुकान किंवा बँकशाखेच्या नोंदीत कोणताही वापरकर्ता दुरुस्ती सुचवू शकतो, आणि २०१८ साली महाराष्ट्रात बँकेच्या नोंदीत भामट्यांनी स्वतःचे क्रमांक घुसवल्याचे उघडकीस आले होते. ग्राहकाने स्वतःहून फोन केलेला असल्यामुळे त्याला संशय येत नाही. पलीकडचा माणूस कार्डाचा क्रमांक विचारतो, ओटीपी मागतो, आणि तो दिला जातो. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस किंवा पासबुकावर छापलेला असतो. पैसे गेलेच, तर १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम पुढच्या खात्यात पोहोचण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक. हा क्रमांकही त्या घटकेला शोधत बसण्यापेक्षा आजच मोबाईलमध्ये नोंदवून ठेवलेला बरा.