टाचा लपवू नका, बघा!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसलेल्या निम्म्या बायकांचे पाय साडीच्या काठाखाली दडलेले असतात. कारण एकच, भेगाळलेल्या टाचा! मीही त्यातलीच. रात्री गोधडी ओढली की टाच तिच्या टाक्यांत अडकायची, साडीचा फॉल तर कितीदा उसवला असेल! घरातल्या सगळ्यांचे डबे, औषधं आपण सांभाळतो. स्वतःच्या टाचांकडे बघायला मात्र सवड नसते.

माझे डोळे उघडले ते सासूबाईंमुळे. त्यांना मधुमेह आहे. एका थंडीत फरशी पुसताना मला लाल डाग दिसले. माग काढत गेले तर त्यांची टाच चिरलेली, आत पू झालेला. ''आई, दुखलं नाही का हो तुम्हाला?'' ''नाही गं, काहीच जाणवलं नाही.'' डॉक्टर म्हणाले, ''दुखलं नाही, हीच तर काळजीची गोष्ट!'' जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम कळतच नाही. दोन महिने ड्रेसिंग चाललं, पण पाय वाचला.

मैत्रिणींनो, तळपायाच्या कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथीच नसतात. त्यात थंडी, तासन् तास ओट्यापाशी उभं राहणं, अनवाणी वावरणं, मागून उघड्या चपला, धुण्याचा साबण आणि वाढलेलं वजन. कोरडी कातडी जाड होते आणि भार पडला की फाटते.

उपाय घरातलेच आहेत. रात्री कामं आटोपली की कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा. पाणी कढत नको. मग वजरीने टाच हलक्या हाताने घासा. एकाच दिवसात गुळगुळीत करायचा हट्ट नको. ब्लेडने कातडी कापणं तर अजिबात नको. पाय टिपून घ्या आणि कातडी जराशी ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा कोकमाचं तेल चोळा, म्हणजे ओलावा आत टिकतो. वर सुती मोजे घालून झोपा.

माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे कोकमाच्या तेलाशी जुनी ओळख. आई कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायची. वर आलेलं तेल गार झालं की घट्ट व्हायचं आणि त्याचे गोळे वळायचे. गोळ्याचा तुकडा पळीत वितळवायचा आणि सोसेल इतकं कोमट झालं की भेगेत भरायचा. हे तेल मिळालं नाही तरी अडत नाही. औषधाच्या दुकानात युरिया असलेलं क्रीम मिळतं, तेही जाड कातडी मऊ करतं. पण ते चिरलेल्या भेगेवर झोंबतं, तिथे साधं व्हॅसलिनच बरं. दोन-तीन आठवडे नेमाने करा, फरक दिसेल.

मात्र घरात कुणाला मधुमेह असेल तर पाय पाण्यात भिजत ठेवणं नको आणि वजरीही आपल्या मनाने नको. रोज पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे नीट बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा. क्रीम टाचेला लावा, बेचक्यांत नको. भेगेतून रक्त किंवा पू आला, पाय लाल झाला, सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह नसला तरी खूप खाज सुटत असेल, कातडीचे पापुद्रे निघत असतील किंवा महिनाभरात उतार पडला नाही, तर ती बुरशीही असू शकते. तेव्हा तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आमच्याकडे रात्री दिवे मालवण्याआधी सासूबाई पाय पुढे करतात. मी बॅटरी लावून बघते. आधी त्यांना फार संकोच वाटायचा, ''सुनेनं पाय कसले बघायचे!'' म्हणायच्या. आता माझे बघून झाले की त्याच म्हणतात, ''तुझे दाखव बघू!''