बिनब्रशाच्या मोटरीचें पहिलें पाऊल

अलीकडे पुष्कळ घरांच्या छतांना नव्या जातीचे पंखे दिसूं लागले आहेत. जुना पंखा साधारणपणें ७५ वॅट वीज खातो; नवा पंखा ३० ते ३५ वॅटांत जवळजवळ तितकाच वारा देतो. मात्र बटन दाबतांच तो जुन्या पंख्यासारखा निमूटपणें फिरूं लागतोच असें नाहीं. क्षणभर थबकतो, एखादा हिसका देतो, कधीं तर किंचित् उलट वळतो, आणि मगच मार्गाला लागतो. घरच्या मंडळींना वाटतें, पंख्यांत कांहीं बिघाड आहे. वास्तविक तो बिघाड नव्हे. आपला फिरता भाग या क्षणीं कोठें आहे, हें मोटर त्या वेळीं शोधीत असते.

चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांस ओढतात, हें आपण शाळेंत शिकलों. मोटर या ओढीवरच चालते. पण फिरता चुंबक ओढणाऱ्या ध्रुवासमोर येऊन पोंचला, कीं तो तेथेंच स्थिर व्हावयाचा. त्याला फिरतें ठेवावयाचें, तर तो पोंचण्यापूर्वीं ओढणारा ध्रुव पुढें सरकला पाहिजे. स्वयंपाकघरांतील मिक्सरच्या मोटरींत हें काम कार्बनचे ब्रश करतात. आंसावरील तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात, आणि आंस फिरेल तसतसा प्रवाह आपोआप एका वेटोळ्यांतून दुसऱ्यांत जातो. छताच्या जुन्या पंख्याची गोष्ट निराळी. त्याच्या फिरत्या भागांत कायमचा चुंबकच नसतो. म्हणून त्याची जागा ठाऊक असण्याची गरज पडत नाहीं.

नव्या मोटरींत कायमचे चुंबक फिरतात, वेटोळीं स्थिर राहतात, आणि कोणत्या वेटोळ्यांत केव्हां प्रवाह सोडावयाचा, हें एक लहानसा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. घर्षण गेलें, ठिणग्या गेल्या, झीज गेली. पण आंस आपली जागा आपण होऊन सांगत असे, ती सोयहि गेली. चुंबकांच्या सात जोड्यांची मोटर घेतली, तर एका फेऱ्यांत ४२ वेळां प्रवाहाची वाट बदलावी लागते. मिनिटाला ३५० फेरे धरले, तर सेकंदाला २४५ वेळां.

हा बदल अचूक जागीं होणें अवश्य आहे. वेटोळ्यांचें चुंबकीय क्षेत्र फिरत्या चुंबकाशीं काटकोन करून असेल, तेव्हां जोर सर्वांत अधिक मिळतो. चुंबकांची एक जोडी म्हणजे पुरे ३६० अंश असें मोजलें, तर ३० अंशांच्या चुकीनें जोर ८७ टक्के उरतो, ६० अंशांच्या चुकीनें निम्मा आणि ९० अंशांच्या चुकीनें शून्य. त्यापलीकडे मोटर उलटच ढकलली जाते. आपल्या सात जोड्यांच्या मोटरींत हे ९० अंश म्हणजे प्रत्यक्ष आंसाचे जेमतेम १३ अंश होत.

मोटर चालूं असतां ही जागा ओळखणें कठीण नाहीं. वेटोळ्याजवळून चुंबक सरकला म्हणजे वेटोळ्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलें. ज्या वेटोळ्यांत प्रवाह सोडलेला नसतो, त्यांतील दाब पाहून नियंत्रक चुंबकाचा ठाव घेतो. डोळे मिटून झोपाळ्याला झोका देणारा माणूसहि परत येणाऱ्या झोपाळ्याच्या स्पर्शावरूनच पुढच्या झोक्याची वेळ ओळखतो. पण झोपाळा स्थिर असेल, तर हाताला काय कळणार? मोटरीचेंहि तसेंच आहे. हा दाब वेगाच्या प्रमाणांत असतो. वेग शून्य, तर दाबहि शून्य. जेव्हां या खुणेची गरज सर्वांत अधिक, नेमकी तेव्हांच ती मिळत नाहीं.

म्हणून पंख्याचा नियंत्रक तीन टप्प्यांनीं जातो. प्रथम ठराविक वेटोळ्यांत प्रवाह सोडून तो चुंबकाला माहीत असलेल्या जागीं ओढून आणतो. हिसका बसतो किंवा पंखा उलट वळतो, तो येथें. चुंबक नेमका १८० अंशांवर, म्हणजे अगदीं विरुद्ध उभा असेल, तर तो हलतच नाहीं. यासाठीं चांगला नियंत्रक एकामागून एक अशा दोन दिशांनीं ओढून पाहतो. नंतर चुंबक मागोमाग येत आहे असें गृहीत धरून तो क्षेत्राचा वेग हळूहळू वाढवितो. येथें घाई झाली, तर जड पातीं मागें राहतात, चुंबकाची व क्षेत्राची संगत सुटते, आणि मोटर नुसती थरथरते. शेवटीं दाब वाचण्याजोगा झाला, कीं त्याच्या आधारें पुढील कारभार चालतो.

पंख्याला दोन क्षणांचा विलंब परवडतो. पण घाटाच्या चढावर थांबलेल्या विजेच्या स्कूटरीचें काय? तिच्यावर दोन माणसें बसलेलीं आहेत. जागा शोधण्यासाठीं ती वीतभर मागें सरकली, तर कोणास चालेल? तेथें मोटरींतच हॉल-संवेदक बसवितात. एडविन हॉल यांनीं बाल्टिमोर येथें १८७९ मध्यें शोधून काढलेल्या तत्त्वावर ते चालतात, व चुंबक स्थिर असला तरी त्याची चाहूल त्यांना लागते. असे तीन संवेदक ३६० अंशांचे सहा भाग पाडतात. चूक फार तर ३० अंशांची होते, म्हणजे कमींत कमी ८७ टक्के जोर पहिल्या क्षणापासून हातीं येतो. मात्र त्याबरोबर अधिक तारा आणि अधिक खर्च आलाच.

तिसरीहि एक युक्ति आहे. वेटोळ्यांत अत्यंत अल्पकाळाचे स्पंद सोडून प्रवाह किती झपाट्यानें वाढतो, तें मोजावयाचें. चुंबकाच्या जागेप्रमाणें लोखंडाची चुंबकीय स्थिति बदलते, आणि त्या वाढींत सूक्ष्म फरक पडतो. मोटर तसूभरहि न हलतां तिची जागा कळते. संगणकांतील हार्ड डिस्कच्या तबकड्या फिरविणाऱ्या मोटरींत ही युक्ति योजतात.

तेव्हां नवा पंखा सुरू होतांना क्षणभर घुटमळला, तर चिंता नको. मात्र तो पुनःपुन्हां हिसके देऊन थांबूं लागला, तर बटन बंद करावें आणि पंखा जाणत्या कारागिराला दाखवावा; जागेचा शोध कोठें तरी चुकतो आहे, असें समजावें.