कुंपण कोणासाठी?



अल्पाका हा शब्द आपल्याकडे आला तो कोटाच्या रूपाने. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कचेरीत जाणारे वकील काळा अल्पाकाचा कोट घालीत, आणि तो कोट म्हणजे घरातली एक इभ्रतीची वस्तू असे. पण ज्याची लोकर आपण अंगावर मिरवली, तो प्राणी कसा राहतो आणि त्याला कसे राखतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे, पण एकाच बाजूने. ती बाजू म्हणजे कुंपण.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जनावराला कोणते कुंपण घालावे हे ठरवायचे झाले, तर त्या जनावराचा स्वभाव, त्याचे शत्रू आणि त्याच्या धन्याचा हेतू, या तिन्ही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. कुंपण चुकले, की यांपैकी काहीतरी समजून घेण्यात आपण चुकलो असे समजावे.

प्रथम स्वभाव पाहू. लामा आणि अल्पाका हे उंटाचे भाऊबंद. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरच्या लोकांनी सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्यांना माणसाळवले. लामा थोराड, ओझे वाहणारा. अल्पाका लहान, मुख्यतः लोकरीसाठी पाळलेला. दोघांनाही मदार नाही, शिंगे नाहीत. पायाला टणक खुरांऐवजी मऊ गादीसारखे तळवे असतात. म्हैस जशी अंग घासून खांब खिळखिळा करते किंवा बकरी जशी कुंपणावर चढते, तसा उपद्व्याप हे प्राणी सहसा करीत नाहीत. कळप सोडून एकट्याने पळण्यात त्यांना गोडी नाही. अँडीजमधले गुराखी लामांना गोळा करून त्यांच्या मानांभोवती नुसता एक दोर फिरवतात, आणि ओझे लादून होईपर्यंत तो सारा तांडा त्या दोराच्या आत मुकाट्याने उभा राहतो. मनात आणले तर त्यांना सहज निसटता येईल. पण ते आणीत नाहीत.

मग कुंपण हवेच कशाला? शत्रूसाठी. अँडीजच्या चार हजार मीटर उंचीच्या माळावर प्यूमा आणि कोल्हा फिरतात. म्हणून दिवसा कळप ओल्या कुरणांत चरतो, आणि संध्याकाळी दगडांवर दगड रचलेल्या वाड्यात आणून कोंडला जातो. तेथे लाकूड दुर्मिळ, दगड मुबलक. तेव्हा भिंत दगडाचीच. वाड्यात साठलेले लेंडीखत बटाट्याच्या शेताला जाते, वाळलेले चुलीत जळते. अशा बंदिस्त जागेला केचुआ भाषेत 'कांचा' म्हणतात. कुस्को शहरातील इंकांच्या सूर्यमंदिराचे नाव 'कोरिकांचा', म्हणजे सोन्याचे आवार. हाच शब्द पुढे स्पॅनिश भाषेत गेला आणि आज तिकडे खेळाच्या मैदानालाही 'कांचा' म्हणतात. ज्या समाजाने देवाच्या घराला आणि जनावरांच्या वाड्याला एकच शब्द वापरला, त्याच्या लेखी त्या वाड्याची किंमत काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९८० नंतरच्या काळात अल्पाका व्यापारासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि ऑस्ट्रेलियात नेले गेले, आणि तेथे हा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्या देशांतल्या शेतांना बहुधा काटेरी तारेचे कुंपण असते. अमेरिकेतल्या जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये आपल्या काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि ही तार पसरली ती मोकाट गुरे अडवण्यासाठी. गुराचे कातडे जाड आणि केस आखूड. काटा टोचला की ते मागे सरते. अल्पाकाची लोकर मात्र लांब आणि दाट. काटा कातडीपर्यंत पोचण्याआधी लोकरीत अडकतो. घाबरलेले जनावर ओढ घेते, आणि अधिकच गुंतते. लोकर फाटते, पायाला जखमा होतात, डोळाही जाऊ शकतो. ज्या लोकरीसाठी जनावर पाळायचे, ती कुंपणाने खायची! 'कुंपणच शेत खाते' ही आपली म्हण इथे अगदी अक्षरशः लागू पडते.

तर मग निवड कशी करावी? विणलेल्या तारेची जाळी ही सर्वांत भरवशाची. उंची अल्पाकासाठी चार फूट आणि लामासाठी सुमारे पाच फूट असावी. जाळीची घरे बारीक असावीत. दोन इंच बाय चार इंचांची उत्तम. मोठ्या घरांतून पिल्लू कुतूहलाने डोके बाहेर घालते, आणि मागे घेताना जबडा व कान अडतात. जाळीची खालची कड जमिनीला टेकलेली हवी, कारण गावाजवळच्या शेतात अल्पाकाचा मोठा वैरी म्हणजे मोकाट कुत्रा, आणि कुत्रा बहुधा खालून शिरतो. विजेची तार लावायची तर ती बाहेरच्या अंगाने, कुत्र्यासाठी लावावी. आतल्या जनावराला तिचा धाक कमीच. लोकरीतून झटका नीट पोचत नाही. विजेच्या सैल जाळ्या तर टाळाव्यातच. त्यांत मान किंवा पाय गुरफटला, तर जनावर पुनःपुन्हा झटके खात तेथेच मरू शकते.

आतली वाटणीही महत्त्वाची. वयात आलेल्या नरांना सुळ्यासारखे धारदार दात येतात, आणि माद्यांसाठी भांडताना ते एकमेकांचे पाय व मान फाडतात. म्हणून नरांचे आवार निराळे, भक्कम आणि माद्यांच्या आवारापासून अंतरावर ठेवावे. शिवाय एक छोटा कोंडवाडा हवाच. लोकर कापायची, नखे छाटायची, औषध पाजायचे, तर मोठ्या कुरणात जनावरामागे धावणे व्यर्थ. त्याने माणूसही दमतो आणि जनावरही बिथरते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अल्पाकाचा रानटी पूर्वज विकुन्या. त्याची लोकर जगातील सर्वांत तलम लोकरींपैकी. इंकांच्या काळी हजारो माणसे हातात हात घालून माळावर कडे करीत, विकुन्यांना घेरीत, लोकर कापून बहुतेकांना सोडून देत. या प्रथेला 'चाकू' म्हणतात. पुढे बंदुका आल्या, आणि १९६० च्या दशकात हा प्राणी नामशेष होण्याच्या बेतास आला. १९६७ मध्ये पेरूत पाम्पा गालेरास येथे राखीव क्षेत्र झाले, १९६९ मध्ये ला पाझ येथे संरक्षणाचा करार झाला, आणि आज एकट्या पेरूत विकुन्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. चाकूही पुन्हा सुरू झाला.

परंतु १९९० च्या दशकात पेरूत एक नवा विचार पुढे आला : विकुन्यांना कायमच्या तारेच्या आवारात ठेवावे, म्हणजे घेरण्याचे श्रम वाचतील. श्रम वाचले, हे खरे. पण विकुन्या हा रानचा जीव. एक नर, त्याच्या काही माद्या आणि पिल्ले असे कुटुंब आपला मुलूख धरून राहते. त्या मुलखातून तार गेली, की वाटा तुटतात, दाटी होते, आणि दाटीत खरजेसारखे रोग सहज फैलावतात. पॅटागोनियात मेंढ्यांसाठी घातलेल्या तारांवरून उडी मारताना ग्वानाको, विशेषतः त्यांची पिल्ले, अडकून मरतात, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे.

श्रोतेहो, पाळीव अल्पाकाला जी जाळी जीवदान देते, तीच त्याच्या रानटी भावंडाचा जीव घेऊ शकते. तार वाईट नाही आणि चांगलीही नाही. खांब रोवण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारायचे : मी कोणाला बाहेर ठेवतो आहे? आणि जो आत राहणार आहे, त्याला आत राहणे मानवणार आहे काय? माणसांच्या हाताचे जे कडे काम संपताच सुटत असे, त्याने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले होते.