कशेडीच्या चढावर क्लचची चाळीस वर्षं

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव आहे. बाहेरची माणसं इथे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी येतात. इथल्या माणसाने मात्र लांबच्या वाटेला गाडी काढली की बहुतेक वेळा घाट आडवा येतोच. गोव्याकडे निघालं तर पोलादपूरच्या पुढे कशेडी, महाबळेश्वरला आंबेनळी आणि भोरमार्गे पुणं गाठायचं तर वरंधा. त्यामुळे गाडीचं बोलणं निघालं की ॲव्हरेजच्या पाठोपाठ क्लचची चौकशी होते. उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळतं, हलका नाहीतर कडक. गेल्या चाळीस वर्षांत क्लच खूपच हलका झाला, हे खरं. पण हलका म्हणजे चांगला, हे समीकरण मला कधीच पटलं नाही. चांगला क्लच पायाला कळतो. तो कुठे पकडतो, कुठे सोडतो, आत किती झीज झाली आहे, हे सगळं तो तळव्याला सांगतो. गाड्या बदलत गेल्या तसं हे सांगणं कसं बदललं, ते मांडावंसं वाटतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. त्याआधी या रस्त्यावर खासगी गाडी म्हणजे फियाट, ॲम्बॅसिडर किंवा महिंद्राची जीप. क्लचची चकती दाबून धरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटमध्ये कॉइल स्प्रिंगा गोलाकार बसवलेल्या असत. कॉइल स्प्रिंगचा नियम सरळ आहे, जितकी दाबाल तितकी ती जास्त विरोध करते. म्हणजे पेडल तळाला नेऊन धरलं की पायावर सगळ्यात जास्त भार. घाटात ट्रकमागे अडकलेल्या चालकाची पोटरी भरून यायची ती यामुळे. आणि चकती, म्हणजे क्लच प्लेट, झिजली की स्प्रिंगा सैल पडायच्या, पकड कमी व्हायची, क्लच घसरायला लागायचा.

पुढे डायफ्रॅम स्प्रिंग आली. थोडी खोलगट, मधल्या बाजूला बोटांसारख्या पट्ट्या असलेली एकच गोल स्प्रिंग. रिलीज बेअरिंग त्या पट्ट्यांवर दाब देतं, बाहेरची कड मागे येते आणि क्लच प्लेट सुटते. दाबताना विरोध वाढत वाढत एका टोकाला पोचतो आणि तिथून पुढे उतरतो. म्हणून तळाशी धरून ठेवलेलं पेडल जड लागत नाही. बदल लहान दिसतो, पण गणपतीच्या गर्दीत तासन्‌तास पुढेमागे सरकणाऱ्या माणसाला त्याचं मोल विचारा. हीच स्प्रिंग झिजेला मात्र उलटी वागते. चकती पातळ होत गेली की डायफ्रॅम आणखी कलतो आणि बराच काळ पेडल उलट कडकच होत जातं. आपल्याकडे कडक झालेल्या पेडलावर पहिला उपाय म्हणून वायर बदलतात. पुष्कळदा दोष वायरीचा नसतोच, चकती संपत आलेली असते.

मारुती ८०० चा क्लच वायरीचा होता. पेडलापासून गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत पोलादी तारेचा पीळ आणि टोकाला नट. नट फिरवून मोकळी चाल कमीजास्त करायची. पेडल बोटांनी हळूच दाबत न्यायचं. आधी ते नुसतं जातं, मग हाताला विरोध लागतो. त्या दोहोंमधलं अंतर म्हणजे मोकळी चाल. बऱ्याच गाड्यांत ती दीड-दोन सेंटीमीटरच्या आसपास असते, पण प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. चाल अजिबात उरली नाही तर बेअरिंग सतत टेकलेलं राहतं आणि क्लच घसरतो. जास्त झाली तर क्लच पुरता सुटत नाही, पहिला आणि रिव्हर्स गिअर खरखरत पडतो. चकती झिजली की चाल आपोआप कमी होते, पेडल वर पकडायला लागतं. म्हणजे वायरीचा क्लच झिजेचा हिशोब रोज पायाला देत असे. गॅरेजमध्ये मिनिटाभरात नट फिरवला जाई आणि गाडी पुढे चाले. या साधेपणासाठी मला ती वायर आजही आवडते.

कोकणचा पाऊस मात्र त्या वायरीचा वैरी. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी आणि बारीक गाळ आवरणात शिरतो, तार गंजते, पेडल करकरत जातं आणि सोडल्यावर आळसावून वर येतं. मग एकेक तंतू तुटायला लागतो. वायर तुटली तर ती भर चढावर तुटते, कारण क्लचचं खरं काम तिथेच पडतं. डिकीत जादा वायर ठेवणारी माणसं शहाणी होती. उपाय ठरलेला असे. वायर सोडवायची, हाताने आतबाहेर ओढून बघायची, वळण अरुंद झालं असेल तर सरळ मार्गाने बसवायची. जुन्या, आत अस्तर नसलेल्या वायरीला तेल चालतं. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या वायरीला ते घालू नये, धूळ चिकटून ती आणखी जाम होते. एवढं करूनही पेडल कडकच राहिलं तर बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू आणि बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी कोरडी पडली असण्याची शक्यता मोठी. तिथे उष्णता सोसणारं ग्रीस नखभर लागतं. जास्त लावलं तर उडून चकतीवर जातं आणि नवीन दुखणं सुरू होतं.

नंतरच्या गाड्यांत हायड्रॉलिक क्लच वाढला. पेडलाखाली मास्टर सिलेंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलेंडर आणि मध्ये ब्रेकसाठी वापरतात तेच तेल. घर्षण घटलं, पेडल मऊ आणि एकसारखं झालं. पण फुकट काही मिळत नाही. पायाचा जोर वाचवायचा तर पायाला अंतर जास्त जावं लागतं. पेडलाची लांबी आणि सिलेंडरचा व्यास ठरवताना अभियंत्याला हाच तोल साधायचा असतो. फार हलकं केलं की पकडीची जागा पसरट होते आणि नेमकं कुठे उचलतंय ते कळेनासं होतं. शिवाय झीज झाली तरी हायड्रॉलिक यंत्रणा ती भरून काढते, पकडीची जागा जवळजवळ तिथेच राहते. वायरीचा क्लच उघडपणे सांगायचा ते हा झाकून ठेवतो. मागाहून काही गाड्यांत झीज स्वतःच सावरणारी प्रेशर प्लेटही आली आणि कडकपणाची खूणही पुसट झाली.

हायड्रॉलिक क्लचच्या तेलाचा स्वभाव ओलावा शोषण्याचा. आपल्या हवेत तो लवकर शोषला जातो, सिलेंडर आतून गंजतो, रबरी सील जातात. पेडल स्पंजासारखं लागलं आणि दोन-तीनदा दाबल्यावर सुधारलं, तर नळीत हवा आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर बहुधा मास्टरचं सील गेलं. दोन वर्षांनी तेल बदलणं आणि हवा काढणं, इतकं केलं तरी पेडलाची बरीच गाऱ्हाणी मिटतात. खर्च नव्या किटच्या तुलनेत नगण्य, आणि तरीही याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. क्लच आणि ब्रेक यांचं तेल पुष्कळ गाड्यांत एकाच टाकीतून येतं, हे तरी लक्षात ठेवायला हवं.

कशेडीत पुढचा ट्रक थांबला की काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर पडलेला. टाच फरशीला टेकवून चवडा हळूहळू वर येतो. इंजिनचा आवाज किंचित जड होतो, बॉनेट अर्धा इंच उचलल्यासारखं वाटतं, पेडलातून बारीक थरथर तळव्याला जाणवते. त्या क्षणी थोडा ॲक्सिलरेटर, हँडब्रेक खाली, आणि गाडी मागे न सरकता पुढे निघते. ही थरथर जो क्लच स्पष्ट देतो तो चांगला, मग तो थोडा जड का असेना. ज्यांना ती ओळखता येत नाही ते हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. वळणावळणावर जळक्या क्लच प्लेटचा वास येतो तो त्यांचाच. जुन्या चकत्यांत ॲस्बेस्टॉस असे, म्हणून फार जुन्या गाडीची क्लच हाउसिंग हवेच्या फवाऱ्याने साफ करू नये. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते.

आंबेनळीचा उतार वेगळी शिस्त मागतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच, पोलादपूर अगदी पायथ्याशी. एवढं उतरताना क्लच दाबून गाडी सोडणं म्हणजे इंजिनाचा आधार काढून सगळा भार ब्रेकवर टाकणं. पाय पेडलावरून उचलून बाजूला ठेवायचा. पेडलावर नुसता टेकवलेला पायही रिलीज बेअरिंग झिजवतो.

२२ जुलै २०२१ च्या सुमाराला महाड पुरात बुडालं. तशा पुरात सापडलेल्या गाड्यांचं इंजिन, सीट, वायरिंग सगळे बघतात, क्लचची आठवण नंतर होते. हाउसिंगमध्ये पाणी आणि चिखल जातो. गाडी काही दिवस उभी राहिली की चकती गंजून इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटते. मग पेडल नेहमीसारखं खाली जातं, पण गिअर पडत नाही, कारण क्लच सुटतच नाही. बेअरिंगमधलं ग्रीस धुतलं जातं आणि काही आठवड्यांनी पेडल दाबलं की घरघर सुरू होते. क्लचच्या तेलाच्या टाकीत झाकणावाटे पाणी गेलं असेल तर तेही बदलावं लागतं. आमच्या तालुक्यात गाडी पुरातून वाचली असं म्हणण्याआधी हाउसिंग उघडून बघायला हवं.

जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० बनणं थांबलं आणि पुढच्याच महिन्यात सेलेरिओ एएमटी बाजारात आली. कमी किमतीत क्लच पेडल नसलेली गाडी. आत कोरडी चकती, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं तसंच, पेडलाचं काम मात्र संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्राकडे. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आयएमटी आली, त्यात गिअर हाताने आणि क्लच आपोआप. त्याच वर्षी नेक्सॉन ईव्ही विक्रीला आली, तिच्यात क्लचच नाही. रस्ताही बदलला. २०२३ च्या गणपतीआधी कशेडी बोगद्याची एक बाजू छोट्या गाड्यांना खुली झाली, नंतर दुसरीही. सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याने घाटाचा बराच वेळ वाचवला. पेडलाविना गाडी आणि बोगदा, दोन्ही बदल चांगलेच आहेत. पाय दुखणाऱ्या, वय झालेल्या, नव्याने शिकणाऱ्या माणसाला त्यांनी घाट खुला केला. एएमटीवाल्यांनी एवढं पाहावं की चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवली तर आतली तीच चकती तितकीच तापते. ब्रेक लावूनच थांबावं.

मॅन्युअल गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्या जुन्या बाजारातून घेणारेही. अशी जुनी गाडी घेण्याआधी बोगदा सोडून जुन्या कशेडीवर किंवा आंबेनळीला न्यावी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली. पेडल दाबल्यावर घरघर आली तर बेअरिंग, सुटताना गाडी थरथरली तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग किंवा चकतीवर सांडलेलं तेल. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर चकती, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदलावं, बेअरिंगची नळी आणि फोर्कचा टेकू तपासावा, क्रँकचं मागचं ऑइल सील बघावं. यातलं काही राहिलं तर दोन पावसाळ्यांत तोच गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो, आणि मजुरी पुन्हा पूर्ण द्यावी लागते.