पडद्यावरचं वेड आणि घरातला आजार

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात तरुण पोरगा एकटाच पुटपुटू लागला, कुणीतरी कानात बोलतंय म्हणू लागला, की घरात पहिला शब्द निघतो ‘बाहेरचं’. दुसरा निघतो ‘वेड’. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुष्कळांनी डॉक्टरकडून नव्हे, सिनेमातून घेतलेला असतो. उपचाराला कधी आणि कुठे जायचं, हे त्या अर्थावरच ठरतं.

गैरसमज : स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं.

वस्तुस्थिती : ‘भूलभुलैया’त (2007) अवनीची मंजुलिका होते, तो दुभंग व्यक्तिमत्त्वाचा विकार. स्किझोफ्रेनिया वेगळा. त्यात भास होतात, निराधार संशय पक्के बसतात, विचारांची संगती तुटते; माणूस मात्र तोच असतो. त्याचं मराठी नाव ‘छिन्नमनस्कता’, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. जगात सुमारे 300 माणसांमागे एकाला हा आजार होतो.

गैरसमज : मनोरुग्ण म्हणजे धोका.

वस्तुस्थिती : ‘डर’मधला (1993) राहुल वारलेल्या आईशी फोनवर बोलतो आणि नायिकेच्या जिवावर उठतो. भास आणि हिंसा अशी एकाच पात्रात घट्ट बांधली गेली. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. मार, हेटाळणी आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला जास्त येते. उपचार नसतील आणि जोडीला दारू किंवा इतर नशा असेल, तर धोका वाढतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’तला (2004) शेष याच्या अगदी उलट आहे. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला हा माणूस घाबरलेला आहे, हुशार आहे, आणि त्याच्या आजाराने बहिणीच्या संसाराचीही दमछाक होते. या चित्रपटामागे कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. शेजारी जे पाहतात त्यापेक्षा घर काय सोसतं, हे त्यात दिसतं ते त्यामुळेच.

गैरसमज : शॉक ही शिक्षा, मनोरुग्णालय हा तुरुंग.

वस्तुस्थिती : ‘दामिनी’त (1993) साक्षीदार बाईला वेडी ठरवायला मनोरुग्णालयात धाडतात. असली दृश्यं मनात घर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो की भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करता येत नाहीत आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा राज्याच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे.

गैरसमज : आत्महत्येबद्दल विचारलं, तर तो विचार डोक्यात भरतो.

वस्तुस्थिती : सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मधली (2009) अलका नवऱ्याच्या काळजीने पोराला त्याच्या मागे पाळतीवर ठेवते. कथा विदर्भातली, पण दुष्काळ सोसलेल्या बीडमध्ये ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मनावरचं ओझं बोलायला माणसाला वाट मिळते. 2016च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मधली जानकी खचलेल्या मानवला उपदेश करत नाही. त्याला सावकाश बाहेर येऊ देते.

गैरसमज : एक झटका, एक रात्र, आणि रुग्ण बरा.

वस्तुस्थिती : ‘भूलभुलैया’त एका रात्रीच्या बनावट विधीने अवनी बरी होते. स्किझोफ्रेनियात औषधं महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मनानेच ती बंद केली की आजार उलटतो.

बीडमध्ये ही अडचण फार खरी आहे. उचल घेतलेली ऊसतोड टोळी सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असते, आणि गोळ्यांची चिठ्ठी गावाकडच्या डॉक्टरची. निघण्याआधीच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना सांगावं, की आता सहा महिने मुक्काम कारखान्यावर आहे. पुढच्या गोळ्या कुठून घ्यायच्या, हे तिथेच ठरवून घ्यावं. मध्येच झोप उडाली, भास वाढले, जीव नकोसा झाला, तर 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि फोन कारखान्यावरच्या कोपीतूनही करता येतो.